डाव्या पायडलची पाचर

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. दुकानात उंदीर निघाला तरी घरी जाऊन सांगणारा मी माणूस, माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती. पण हे राहिलं. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे, आणि बघा — आधी दुकानाचंच सांगावंसं वाटतंय.

तर दुकान. सोलापुरात साखर पेठेच्या तोंडाशी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. हात चांगला होता माझा. लोक म्हणायचे, मल्लप्पानं आवळलेला नट मल्लप्पालाच सुटायचा. असं ऐकून ऐकून माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो. मीही चढलो होतो.

नरसय्या माझा मित्र. जातीचा विणकर, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. हातमागावर बसला की हात आणि पाय असे चालायचे की बघत राहावं. त्याच्याकडे एक जुनी विलायती सायकल होती, फ्रीव्हील नसलेली. आता तसल्या फारशा दिसत नाहीत. तिचं चाक फिरलं की पायडल फिरणारच, उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही. थांबायचं तर पायडल उलटं रेटून थांबायचं. पाय हाच ब्रेक — दुसरा नव्हताच.

दसऱ्याच्या तोंडावर एका बैलगाडीला घासून तिचा डावा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, वाकला. मी दुसरा बसवला. हा दांडा धरून ठेवते ती एक कॉटर — करंगळीएवढी लोखंडी पाचर. ती ठोकायची, नट आवळायचा. पण नवी पाचर पहिल्या दिवशी पुरती बसत नाही. सायकल जरा चालली की सैल पडते, मग पुन्हा ठोकावी लागते. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी नरसय्याला बजावलं होतं — एक दिवस चालव आणि परत ये.

आणि तो आला. सगळं इथंच आहे. तो आला होता.

दिवस खंडेनवमीचा. दुकानातली सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही रीत. विणकरांचे मागही बंद, म्हणून तर त्याला सवड होती. सायकल टेकवून म्हणाला, "आण्णा, डाव्या पायाखाली कायतरी हालतंय की. उद्या होटगीला बहिणीकडं जायाचंय, सोनं द्यायला."

मी पायडल हातानं दाबून पाहिलं. पाचर सैल होती. स्पष्ट कळलं मला. तरी म्हणालो, "खंडेनवमीला हत्यार उचलू व्हय रे? दसरा झाला की ये. होटगीपतोर काय होत न्हाय."

"व्हय की, माझा मागबी पूजेलाच हाय," असं म्हणून तो हसत निघाला. त्यानं एका शब्दानं आग्रह केला नाही. मागाची पूजा करणाऱ्या माणसाला ही रीत वेगळी कशाला समजावायला हवी?

इथवर तुम्ही मला दोष देणार नाही. देवाधर्माची गोष्ट, म्हणाल. मीही स्वतःला वर्षानुवर्षं इतकंच सांगत आलो. पण पुढचं —

तो गेला आणि थोड्याच वेळात गिरणीतल्या एका बड्या साहेबांचा शिपाई त्यांची सायकल ढकलत आला. चेन तुटली होती. साहेबांना लगेच हवी होती. मी काय केलं? पाटापुढे बसलो, फुलं बाजूला सारली, हातोडी उचलून डोळ्यांना लावली आणि चेन जोडून दिली. मग हातोडी पुसली, पुन्हा पाटावर ठेवली आणि फुलं होती तशी लावली. नरसय्या तेव्हा समोरच्या कोपऱ्यावर पान खात उभा होता का? मी तिकडे पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं मला. त्याला हाक मारली असती तर त्याच हातोडीचे दोन ठोके पुरे होते.

दसऱ्याच्या दिवशी होटगीच्या वाटेवर, ओढ्याच्या उतारावर, त्यानं सायकल आवरायला पाय उलटे रेटले आणि डावा दांडा निसटून हातभर लांब पडला. उजवं पायडल चाकाबरोबर फिरतच राहिलं. तो सायकलसकट मोरीच्या दगडांवर गेला. डावा गुडघा फुटला. जीव वाचला, पण तो गुडघा परत कधी वाकला नाही. आणि माग चालवायचा तर दोन्ही पाय लागतात हो.

चारआठ दिवसांनी त्याची बायको राजव्वा दुकानात आली. गिऱ्हाइकं होती, शेजारचे दोघंतिघं होते. तिनं सगळ्यांदेखत मला नाही नाही ते ऐकवलं. माझ्या हाताची ती ख्याती — ती जाते की काय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी मान वर न करता म्हणालो, "मी परत बोलावलं हुतं त्याला. त्यो आलाच न्हाय."

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. नरसय्या पडलाय त्याच्याच हलगर्जीपणानं, असं पेठेत झालं. आणि त्याला जेव्हा कुणी विचारलं तेव्हा — हे मला दुसऱ्याकडून कळलं — तो म्हणाला, "जायचं ऱ्हाऊन गेलं."

ते ऐकून मला हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं, आधी हायसं वाटलं. त्यानं मला का झाकलं? मैत्रीखातर? की त्यानं कोपऱ्यावरून ती हातोडी पाहिली होती, आणि माझी लाज त्यालाच वाटली? मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

त्याच्या मागावर धाकटा भाऊ बसला. नरसय्या घरात बायकांच्या रांगेत बसून कांड्या भरू लागला, सूत गुंडाळायचं काम. बायको उठता-बसता त्याला बोलायची, सांगितलेलं ऐकायला काय झालं होतं म्हणून, आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. दर दसऱ्याला मला आपट्याची पानं द्यायचा. मी घ्यायचो, गळाभेट घ्यायचो. मला माझीच किळस यायची, तरी घ्यायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात तो तापानं गेला. दिवस झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. राजव्वा बाहेर आली, पदर सावरून समोर बसली. म्हणाली, "आण्णा, तवा दुकानात लई बोलले मी तुमाला. तुमचा काय दोष न्हवता. 'चूक माझीच' असं ह्यांनीच कितीदा सांगितलं मला. मनात ठिऊ नका." आणि तिनं हात जोडले.

घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या वैनी. मी कवाच माफ केलंय तुमाला."

तिनं डोळे पुसले आणि चहा टाकला. मी तो प्यालो.