दादा आणि टेरीची रायफल

माझ्या बायकोच्या मामेभावाइतका अहिंसक माणूस अख्ख्या सिडनीत नसेल, आणि रायफलला त्याच्याइतका जीव लावणाराही नसेल. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. केलीव्हिलच्या त्याच्या घरात तळहाताएवढा कोळी निघाला, की तो त्याच्यावर अलगद वाटी पालथी घालतो, खालून पुठ्ठा सरकवतो आणि "चल मेट, बाहेर जाऊ" म्हणत बागेत सोडून येतो. अंडंसुद्धा न खाणारा हा गृहस्थ दर शनिवारी क्लबात जाऊन कागदी निशाणावर गोळ्या झाडतो. मूळचा पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर. मापाचं वेड असं, की आमच्याकडे जेवताना त्यानं एकदा खिशातला व्हर्नियर काढून पोळी मोजली. "कडेला जाड आहे, पण टॉलरन्समध्ये आहे," असा निकालही दिला. बायकोनं पुढची पोळी त्याच्या पानात तव्यावरून थेट भिरकावली.

नेमबाजी त्याला टेरीनं शिकवली. टेरी निवृत्त ट्रक-ड्रायव्हर, तोंडाचा फटकळ. दादा या देशात नवा असताना ऑफिसबाहेर त्याच्याशी आपणहून बोललेला तो पहिला माणूस. दादाच्या डब्यातले साबुदाणेवडे खात तो त्याच्या मागे उभा राहायचा आणि प्रत्येक गोळीला नावं ठेवायचा. मागच्या हिवाळ्यात टेरी गेला. त्याची जुनी रायफल त्याच्या बायकोनं, मार्गरेटनं, रीतसर कागदपत्रं करून दादाला दिली.

पण तिची काडतुसं आता कुठेच मिळेनात. "काडतूस बसतं ना, ती नळीतली जागा म्हणजे चेंबर. ते दुसऱ्या काडतुसाच्या मापाला कोरून घ्यावं लागेल," दादानं मला समजावलं. बनवणाऱ्या कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की पाठवून द्या, नळीच नवी बसवू. दादा दुखावला. "नळी गेल्यावर टेरीचं काय उरलं? नुसतं लाकूड?"

म्हणून आम्ही बाथर्स्टच्या पलीकडे स्वतःचं बंदूकदुरुस्तीचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका गनस्मिथबाईंकडे गेलो. त्यांनी नळीत दिवा धरून बराच वेळ पाहिलं. "होईल," त्या म्हणाल्या, "पण कोरलेला धातू परत भरता येत नाही. नक्की करायचं?"

पोळीवर निकाल देणाऱ्या दादानं "एक मिनिट" म्हणत रायफल उचलली. बाहेर येऊन तो गाडीला टेकून उभा राहिला.

"राहू दे तशीच तिजोरीत," मी म्हटलं.

"हो रे. पण मग ती मुकीच राहणार."

शेवटी त्यानं मार्गरेटला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "लव्ह, त्यानं ती झाडायला घेतली होती. तिची पूजा करायला नाही." दादा आत गेला आणि रायफल टेबलावर ठेवून आला.

काम चोख झालं. पुढे एका शनिवारी मी त्याच्याबरोबर क्लबात गेलो. दादानं चटईवर पालथं पडून नेम धरला, श्वास रोखला, बार झाला. गोळी अगदी मधोमध. शेजारच्यांनी "गुड शॉट, मेट!" म्हणत टाळ्या वाजवल्या. दादा मात्र रायफलवर हात ठेवून तसाच पडून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवाज बदलला रे तिचा," तो म्हणाला. "टेरी पार्किंगमध्ये असला, तरी नुसता बार ऐकून सांगायचा, ही माझी. आता आला असता, तर त्याला ओळखू आली नसती."

मग त्यानं पुढचं काडतूस घातलं.