मगरीनं वाट अडवली ती सकाळ

माझ्या दोन्ही बॅगा भरून तयार होत्या. बाथरूममधल्या वजनकाट्यावर तीनदा ठेवून पाहिल्या, यांच्यासाठी घेतलेले बदाम काढले, पुन्हा कोंबले. पुढच्या शुक्रवारी विमान. सहा महिने नातवाला सांभाळलं, आता अमरावतीला माझ्या घरी. आमचे हे तिथे एकटे होते, कारण इतके तास विमानात पाय दुमडून बसणं त्यांना जमत नाही. मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून पडले. मला कळलं ते शेजारणीकडून! हे फोनवर म्हणाले, "जरासं खरचटलं गं." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

मुलगा म्हणाला, "चल आई, तुला मगरी दाखवतो." मला वाटलं, निरोपाची ट्रिप आहे. मुलाच्या घरून, फ्रिस्कोहून, सहा तास गाडी चालवून आम्ही सगळे समुद्राकाठी आलो, मोटेलात राहिलो आणि सकाळी पाणथळीवर गेलो. उंच गवतातून पाण्यावर लाकडी फळ्यांची लांब वाट केलेली, टोकाला बसायला बाक. बगळे तर होतेच, पण चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी पक्षीही होते. खोटं कशाला बोलू, मन प्रसन्न झालं.

परत निघालो, तर फळ्या संपून जमीन लागते बरोबर तिथे एक मगर येऊन आडवी पडलेली. चांगली दहा-बारा फूट. दुसरी वाट नाही. पाटीवर लिहिलं होतं, जवळ जाऊ नका, ती हलेपर्यंत थांबा. झालं! बसलो पुन्हा बाकावर. बाळ माझ्या मांडीवर झोपलं.

सून शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, थँक यू हं. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, ती आता येऊ शकत नाही. डेकेअरमध्ये नंबर लागेना. तुम्ही तिकीट पुढे ढकललंत म्हणून माझी नोकरी वाचली."

मी मुलाकडे पाहिलं. तो दुर्बीण लावून बगळे बघत होता.

"ठेव ती खाली," मी म्हणाले. "कोणी ढकललं तिकीट?"

बिचाऱ्या सुनेचा चेहराच उतरला. तिला वाटत होतं, मला विचारलंय. मुलगा चाचरत म्हणाला, "तुझ्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचा फॉर्म भरलाय, आई. आणखी सहा महिने. आज सांगणारच होतो."

"मगरीपुढे नेऊन? लाज नाही वाटली रे? तिकडे तुझा बाप पडतोय-"

"बाबांना विचारलं होतं. ते हो म्हणाले."

माझा विश्वास बसेना. तिथूनच फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते.

"तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो. अगं, मी मजेत आहे. कुकर लावता येतो मला आता. वरणभात होतो छान."

"खरं सांगा. मी नकोय का तुम्हाला तिथे?"

ते हळू आवाजात म्हणाले, "रोज कॅलेंडरवर फुली मारत होतो. परवापासून मारत नाही. पण पोरगा रडला गं फोनवर. त्याला नाही कसं म्हणू? तू म्हणून बघ."

मी मान वर केली. मुलगा समोर उभा होता, डोळ्यांत पाणी. संताप असा आला होता की दोन ठेवून द्याव्यात. तोंड उघडलंही. पण आपलेच दात, आपलेच ओठ. "नाही" काही फुटलं नाही तोंडातून.

"न्हाणीत रबरी चटई घाला," मी यांना म्हणाले. "ओल्या पायांनी चालू नका. मी बदाम पाठवते कोणाबरोबर तरी."

तेवढ्यात मगर उठली आणि सावकाश पाण्यात उतरली. "क्लिअर झालं, चला!" मुलगा म्हणाला. मी झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेतलं आणि त्यांच्यामागून गाडीकडे निघाले.