पुढे गेलेला सोमवार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कोरमंगलात रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतो. जन्म या गावात गेला, तरी माझं कन्नड अजून ‘स्वल्प’पाशीच अडलेलं... "भावजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली. माझा चेहरा पाहून रिक्षावाल्यानं भाड्याचा विषयच सोडला. "बन्नी सार," म्हणत त्यानं मला हाताला धरून आत बसवलं.

दिलीपअण्णा माझा थोरला चुलतभाऊ. विधिमंडळाच्या कचेरीत, विधेयकांच्या शाखेत. विधेयकं द्यायची शेवटची तारीख वाढली की घरी येऊन चिडचिड करायचा. "आणणाऱ्याची सोय होते रे, पण अधिवेशन तेवढंच राहतं. वाचणाऱ्याचे दिवस कापले जातात." मी गंभीर चेहरा करून त्याच्या ताटलीतला बोंडा उचलायचो. राजकारणात माझी गती तेवढीच.

यंदा अधिवेशनाआधी डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, हृदयाची झडप बदलायला आता उशीर नको. शुक्रवारी विधेयकांची मुदत संपणार आणि सोमवारी अण्णा दवाखान्यात दाखल होणार, असं ठरलं. पण अधिवेशन चालू असतानाच मुदत आठवड्यानं वाढली. अण्णानं दवाखान्याला परस्पर पुढची तारीख मागितली. वहिनीनं लगेच मला बोलावलं. गोडबोल्या म्हणून घरात माझी ख्याती ना!

"अण्णा, तिथं दुसरं कुणी नाही का?"

"आहेत की. पण नवीन आहेत. घाईत एखादं कलम चुकीचं छापलं गेलं, तर लोकांनी कोर्टात खेटे घालायचे?"

"आणि तुमचं काही झालं तर मी कुठं खेटे घालू?" वहिनी स्वयंपाकघरातून कडाडली.

अण्णा हसला. "एकच आठवडा गं."

माझ्या गोड बोलण्याला वावच उरला नाही. मी चहा पिऊन परतलो.

वाढलेली मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी, कामावर निघताना, बूट घालता घालता तो खुर्चीतच कलंडला...

परवा वहिनीकडे गेलो. दाराआड दवाखान्यात न्यायची पिशवी अजून भरलेली आहे. वर घडी केलेला पंचा, बाजूला थर्मास. "रिकामी करू का?" मी विचारलं.

वहिनीनं पंच्याची घडी उगाचच सारखी केली. "असू दे. सोमवारी बघू."

मागच्या खेपेलाही ती हेच म्हणाली होती.