बँकॉकच्या लॉबीत लिंबाजी

बोरीच्या बाजारात लिंबाजीचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात त्याला कुणी कधी चुरगळलेल्या कपड्यात पाहिलेलं नाही. युरियाची गाडी उतरत असली तरी हा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, खिशाला पेन लावून उभा. घरीसुद्धा दार वाजलं की आधी अंगात सदरा, मग कडी. त्याची थोरली बहीण कडूबाई म्हणायची, देवानं ह्याला कपड्यासकट पाठवलं असतं तर आईचे हाल तरी वाचले असते.

त्या वर्षी बियाण्याच्या एका कंपनीनं चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना बँकॉकची सहल दिली. दुकानदार आणि सोबत घरचं एक माणूस. लिंबाजीच्या बायकोनं, राजेश्रीनं, विमान म्हटल्याबरोबर कानावर हात ठेवले. आता कुणाला न्यावं अशी चर्चा चालली असताना कडूबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी येते." तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ती म्हणाल्यावर नाही म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. शिवाय झरी गावचा बन्सीधर बरोबर होता. त्याचंही तसंच दुकान, आणि लिंबाजीशी कॉलेजपासूनची दोस्ती.

रात्रभर जागून ही मंडळी सकाळी बँकॉकला पोचली. हॉटेल मान मोडेल एवढं उंच. अठराव्या मजल्यावर बहीण-भावाला एक खोली, समोरची बन्सीधरला. दुपारी बस येईल, मंदिर बघायला जायचं, तोवर आराम करा, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. कडूबाई पडल्या पडल्या घोरायला लागली. लिंबाजीला मात्र चहाची तलफ आली.

सदरा कपाटात लावलेला होता. घालायला वेळ लागला नसता. पण खिडकीतून खाली ते अफाट शहर दिसलं आणि त्याच्या मनात आलं, इथं आपल्याला कोण ओळखतंय? उभ्या जन्मात हा विचार त्याला शिवला नव्हता. लुंगी आणि बनियन अशा अवतारात तो बाहेर पडला. दार मागच्या मागं खट्कन लागलं. लिफ्टनं सुखरूप खाली आणून सोडलं.

खाली चहाचा पत्ता नव्हता आणि गारवा इतका की उघड्या दंडांवर काटा आला. तो परत लिफ्टमध्ये शिरला आणि अठराचं बटण दाबलं. ते काही पेटेना. लिफ्ट आपल्या मनानंच कुठंतरी वर गेली, एक गोरं म्हातारं जोडपं आत घेऊन खाली आली. त्या गोऱ्या बाईनं लिंबाजीकडं बघून भक्तिभावानं हात जोडले. त्यानंही जोडले. मग त्याला आठवलं, कार्ड टेकवल्याशिवाय लिफ्ट वर नेत नाही, असं काहीतरी कंपनीचा माणूस सकाळी सांगत होता. तेव्हा आपण कारंजं बघत होतो. कार्ड खोलीत होतं.

एका मोठ्या कुंडीच्या आडोशाला तो अंग चोरून बसला. बऱ्याच वेळानं बन्सीधर खाली आला. खांद्यावर टॉवेल, मिशीला कलप, आणि कलपाचे ओघळ पार हनुवटीपर्यंत. किती वेळ ठेवायचा हे विचारायला त्यानं लिंबाजीचं दार वाजवलं होतं, तेवढ्यात त्याचं स्वतःचं दार लागलं होतं. आता कुंडीमागं दोघं झाले.

शेवटी दोघं काउंटरवर गेले. तिथल्या मुलीला मराठी येत नव्हतं आणि लिंबाजीचं इंग्रजी खताच्या पोत्यावर असतं तेवढंच. मुलीनं भाषांतर करणारा मोबाइल पुढं धरून हिंदीत बोला अशी खूण केली. लिंबाजी घसा साफ करून म्हणाला, "हम नीचे आये, आन दरवाजा लगून गया. सब सामान अंदर अटक्या." मोबाइलनं तिला काय सांगितलं देव जाणे. ती आत गेली आणि छत्री घेऊन आली. पुन्हा पहिल्यापासून सगळं झालं. मग तिनं पासपोर्ट मागितले. पासपोर्टही खोलीतच होते.

तेवढ्यात लिफ्टमधून कडूबाई उतरली. इरकली लुगडं, डोक्यावर पदर, हातात शाल. जागी झाली तर भाऊ नाही, म्हणून शोधायला निघाली होती. कार्ड आणलंस का, असं लिंबाजीनं आशेनं विचारलं. ते तिनंही आणलं नव्हतं; तिची नजर त्याच्या बनियनवर होती.

मुलीला मग सुचलं, सकाळी घेतलेल्या पासपोर्टच्या झेरॉक्स तिच्याकडं होत्या. कडूबाईचा फोटो हुबेहूब निघाला, कपाळावरच्या आठीसकट. लिंबाजीच्या फोटोत मात्र परभणीच्या फोटोवाल्यानं घातलेला कोट, टाय आणि संगणकावर उजळलेला रंग होता. मुलीनं तो कागद लिंबाजीच्या शेजारी धरला, डोळे बारीक केले आणि मान हलवली. बन्सीधरच्या तोंडाकडं तर ती फार वेळ बघूही शकली नाही. मग मोबाइलनं हिंदीत कडूबाईला विचारलं, ही माणसं तुमच्याबरोबर आहेत का.

कडूबाईनं भावाला आपादमस्तक न्याहाळलं.

"हा माझा भाऊ हाय," ती मुलीला सरळ मराठीतच म्हणाली. "पाच वर्साचा व्हता तवा आमची आई गेली. मीच न्हाऊ घालून मोठा केला. फोटो खोटा हाय, खरा ह्योच." आणि हातातली शाल तिनं त्याच्या खांद्यावर टाकली.

यातलं किती त्या मुलीला कळलं कोण जाणे, पण तिनं लगेच नवं कार्ड करून कडूबाईच्या हातात दिलं. लिंबाजी शाल गच्च आवळून उभा होता आणि कारण नसताना नाक ओढत होता.

"आन माझं काय, अक्का?" बन्सीधरनं विचारलं.

"तू झरीचा," कडूबाई म्हणाली. "तुझी हमी मी कशी घेऊ?" मग त्याचा चेहरा पडलेला बघून तिनं त्याच्याकडंही बोट दाखवून मान डोलावली.

नेमकी त्याच वेळी दुसरी लिफ्ट उघडली आणि गॉगल, फुलाफुलांचे शर्ट अशा थाटात सहलीला आलेली सेलूची सगळी दुकानदार मंडळी बससाठी बाहेर पडली. हे दोघं दिसताच एकानं मोबाइल काढला.

बस मंदिरापाशी पोचायच्या आत तो फोटो बोरीला पोचला होता. राजेश्रीचा फोन आला तेव्हा लिंबाजी इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसला होता, आणि मागच्या सीटवर बन्सीधर रुमालानं काळा पडलेला ओठ घासत होता. फोन कडूबाईनंच घेतला. सामान चोरीला गेलं का, कपडे कुठं गेले, असं राजेश्री घाबरून विचारत होती. कडूबाईनं तिला दार, लिफ्ट, छत्री, कलप असं सगळं रंगवून सांगायला घेतलं. बोरीकडून हसण्याचा आवाज इतका मोठा यायला लागला की पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले.

लिंबाजी आधी खिडकीबाहेर बघत राहिला. छत्रीची गोष्ट आली तेव्हा मात्र त्यालाही राहवलं नाही. "अक्का, गोऱ्या बाईनं पाया पडल्यावानी हात जोडले ते ऱ्हायलं," तो म्हणाला, आणि फोन तिच्या हातातून घेऊन ते त्यानं स्वतःच सांगितलं.