वजन किती, ते सांग

आमच्या मेवण्यासारखा ऐकणारा माणूस ह्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि आता त्यालाच ऐकू येत नाही. हे मी बिनधास्त लिहितो आहे. उद्या कोणी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं तरी मला भीती नाही, पोचणारच नाही.

सासुरवाडी लांब असावी असं जुनी माणसं सांगायची. माझी गडग्यापलीकडे, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापलीकडे आहे. लग्नाची वरात आम्ही मुद्दाम साऱ्या तोंडवलीला वळसा घालून काढली, नाहीतर नवरी नुसती गडगा ओलांडून आली असती. बायकोचा धाकटा भाऊ तो हा मेवणा. लग्न केलं नाही, एकटाच राहतो. इतकी वर्षं झाली, त्याच्या माडाचे नारळ माझ्या आवारात आणि माझ्या घरातली भांडणं त्याच्या आवारात पडत आली आहेत. नारळ आम्ही परत करतो. भांडणं तो ठेवून घेतो आणि चार दिवसांनी बहिणीची बाजू घेऊन बोलायला येतो.

तरणा असताना त्याचे कान म्हणजे काय सांगू! समुद्राकडे पाठ करून ओटीवर बसायचा आणि येणाऱ्या होडीचं मशीन नुसतं ऐकून सांगायचा, ही कोणाची आणि भरून येते आहे की रिकामी. भरलेली होडी म्हणे घशातून बोलते, रिकामी नाकातून. वाडीतल्या बायका मडकी घ्यायला त्याला बाजारात घेऊन जायच्या. हा एकेका मडक्यावर बोटाचं हाड वाजवी आणि ‘ह्यां रडता, ठेव थंय’ म्हणून बाजूला करी. मडकी विकणारी बाई त्याला लांबून बघितलं की मालावर गोणपाट टाकायची. फणस तर झाडावर असतानाच तो सांगे, कापा की बरका. एकदा चुकला होता, पण ते झाड माझं होतं, आणि तुमच्या झाडालाच कळत नाही आपण कोण ते, असं त्यानं मला ऐकवलं.

पण खरा तो पखवाजाचा. आमच्या भजन मंडळात त्याचा पखवाज आणि माझे टाळ. मी कोणाकडे शिकलो नाही. शाळाही चौथीत सोडली, मास्तरांनी विनाकारण छडी मारली म्हणून, ती पायरी परत चढलो नाही. पण माझा ताल चुकला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हा मात्र बसायचा आणि मांडीवर मूल घ्यावं तसा पखवाज घ्यायचा, डाव्या बाजूला ओली कणीक थापायचा, उजवी बाजू हातोडीनं ठोकून ठोकून सुरात आणायचा. तेवढा वेळ बुवा असो की देव, सगळ्यांनी थांबायचं. एकदा कुणकेश्वराकडच्या एका वाडीत आमची डबलबारी लागली होती. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात, भजनातून एकमेकांना टोमणे मारतात आणि गाव दोन्हीकडे वाटून ऐकतं. समोरच्या बुवाची पेटी एकीकडे आणि पखवाज एकीकडे चालला होता. आम्ही खूश. ह्यानं आपला पखवाज खाली ठेवला, पंच्यातून हातोडी काढली, उठून सरळ समोरच्या बारीत जाऊन बसला आणि त्यांचा पखवाज लावून द्यायला लागला. आमचा बुवा ओरडला, “मेल्या, तू कोणाचो?” हा मान वर न करता म्हणाला, “हरवूचा आसा तर सुरात हरव. बेसूर माणसाक हरवण्यात कसली मर्दुमकी?” त्या बारीत आम्ही हरलो. येताना चालत सगळे त्याला शिव्या घालत होते आणि हा मागून सांगत होता, “पण कसो लागलो तो पखवाज! लागलो मा?”

कान एकदम जात नाहीत. ओहोटीचं पाणी मागे सरतं तसे जातात, बघत बसलेल्यालाही कळत नाही. ह्याची आधी कोकिळा गेली. “औंदा कोकिळा इलीच नाय,” म्हणाला. ती त्याच्याच आंब्यावर बसून बोंबलत होती. मग फोनची घंटा गेली. मग बहिणीचा आवाज गेला, आणि हा तोटाच झाला असं मी म्हणणार नाही. जाडा आवाज अजून कानात शिरतो, बारीक आवाज बाहेरच उभा राहतो. पण कबूल करील तर शपथ. “लोक आता बोलणत नाय, पुटपुटतत,” हे त्याचं म्हणणं.

गेल्या चतुर्थीत एका घरी आरत्या झाल्या, भजन सुरू झालं, आणि पखवाजाची उजवी बाजू उतरलेली. सगळ्यांना कळलं, त्याला नाही. मंडळाचा बुवा आता तरणा पोरगा आहे. त्यानं वाकून, अगदी अदबीनं सांगितलं, “काकानू, आज तुमी टाळ घेवा.” मेवण्यानं पखवाज खाली ठेवला, टाळ घेतले, भजन संपेपर्यंत वाजवले. घरी आला, पखवाज जुन्या लुंगीत गुंडाळला आणि खुंटीला टांगला. परत मंडळात गेला नाही. माझी बायको गडग्याशी उभी राहून ओरडली, “बाबू, कानाची मशीन घे रे!” तर म्हणतो, “माका कित्याक? लोकांच्या तोंडाक लावा.” पुढे शोध असा लावला, की दोष कानाचा नाही, मंडळाच्या नव्या स्पीकरचा. “एका हातान उचलतत तो! जो आवाज एका हातान उचलता, तो माणसाच्या कानापर्यंत काय पोचतलो?” पूर्वी जत्रेत असायचे तसे मोठे लाकडी स्पीकर आणायचे, पखवाजासमोर माईक ठेवायचा, आपला हात आपल्याला ऐकू आला की पुढच्या चतुर्थीला पखवाज परत मांडीवर. बाकी सगळं मी हसत सांगतो आहे, पण एवढ्याला मी तेव्हाही हसलो नाही. त्याला दुसरं काही नकोच होतं.

तसले स्पीकर आता नवे मिळत नाहीत. जुने मिळतात ते मोबाइलवर. कोण कुठला माणूस फोटो टाकतो, आपण विचारायचं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून मेवण्यानं युक्ती काढली. हा आपलं म्हणणं बोलून पाठवायचा आणि समोरच्यानं लिहून उत्तर द्यायचं. परक्याशी बोलताना तो शुद्ध बोलतो, म्हणजे त्याला जे शुद्ध वाटतं ते. समोरचा लिही, “काका, पाचशे वॅटचे आहेत.” हा बोले, “वॅट नको रे. वजन किती, ते सांग.” “वजन कशाला काका? भंगारात घालणार का?” मग ह्याचा पारा चढे. “उचलून बघ आणि सांग! उचलला नाही पाहिजे तुला!” एकानं प्रामाणिकपणे लिहिलं की हलके आहेत, कुठेही नेता येतात. त्याला ह्यानं कायमचा बंद करून टाकला.

शेवटी सांगलीकडच्या एका मंडपवाल्याचे पसंत पडले. तो घाईत होता. “दुसरं गिऱ्हाईक आहे, आजच सांगा.” हा म्हणाला, “थांब, विचारून सांगतो.” “कोणाला, काकूंना?” “देवाला.” आणि खरंच देवळात गेला. आमच्याकडे नवं काम काढायचं तर कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. दुसरा कोणी असता तर नमस्कार करून घरी आला असता. हा म्हणतो, “देवाक नीट ऐकाक इलेला नाय. परत सांग.” गुरव चिडला, “अरे, देवाक ऐकाक येता!” हा म्हणाला, “मग तू गाऱ्हाणा एवढो ओरडान कित्याक घालतस?” गुरवानं पाकळ्या परत ओल्या केल्या. असं करत उजवा कौल मिळेपर्यंत आठवडा गेला, आणि मंडपवाल्याचं उत्तर आलं, “विकले. देवाला नमस्कार सांगा.”

तेव्हापासून शहाणा झाला. देवाकडून आधीच मोघम होकार घेऊन ठेवला, जे मिळेल त्याला. मग कोल्हापूरच्या एका माणसाचे मिळाले. फोटोत एका स्पीकरवर मांजर झोपलं होतं. आम्ही सगळे स्पीकर बघत होतो, हा मांजर बघत होता. “हल्लक्या खोक्यार मांजर झोपणा नाय. हालता ना तां!” त्यावर सौदा पक्का. माल गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकमधून निघाला.

आणि मग ट्रकवाल्याचा फोन आला. ट्रकवाला काय लिहून विचारतो? ह्यानं फोन उचलला, छाती भरून ओरडला, “तोंडवली! माडाच्या बागेत! कोणालाही विचार!” आणि ठेवला. सगळी तोंडवली माडाच्या बागेत आहे. त्यानं परत केला, ह्यानं परत तेच सांगितलं आणि ठेवला. मी म्हटलं, “अरे, तो काय विचारता ता तरी ऐक!” तर म्हणे, “तेका पत्तो व्हयो होतो, मी दिलंय.” ट्रकवाल्यानं आणखी काय करावं? त्यानं दोन्ही स्पीकर बांद्याला एका काजूच्या गोदामात उतरवले आणि गोव्याला निघून गेला.

आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या इनासचा टेम्पो घेऊन आम्ही तिघं बांद्याला गेलो. गोदामवाला घाम पुसत म्हणाला, “काय वो ह्या? आत चिरे भरलेत काय?” नातवंडाचं वजन ऐकून आजोबा खूश व्हावा तसा मेवणा खूश झाला. त्या माणसाकडून त्यानं ते वाक्य दोनदा वदवून घेतलं. उचलायची वेळ आली तेव्हा इनास मला म्हणाला, “काकानू, तुमी ऱ्हवा, मी माणूस बोलवतंय.” मी आयुष्यभर समुद्रातून रापणीचं जाळं ओढलेला माणूस. मी बाजूला राहीन? लावला हात. कंबरेत जे काही झालं ते इथे सांगायचं कारण नाही. इनास मात्र “सायबा! सायबा!” करत देवाला हाका मारत होता. येताना मेवणा पुढे बसलाच नाही. मागे दोन्ही स्पीकरांना कवेत घेऊन बसला आणि प्रत्येक खड्ड्याला फळीवर मूठ आपटून ओरडत आला, “हळू रे इनास! आत आवाज आसा!”

आत एकाच्याच होता. वाडीतल्या वायरमननं जोडले तर एक बोलला, दुसरा मुका. खोललं तेव्हा आतलं जड लोहचुंबक निसटून तळाला पडलेलं. वाटेत निसटलं की आधीच, देव जाणे. मेवण्यानं विचारल्यावर कोल्हापूरवाल्यानं लिहिलं, “निघताना चालू होता काका, देवाशप्पथ.” ह्यानं विचारलं, “कुठच्या देवाच्या?” माझी बायको म्हणाली, “अरे, मुको तो तरी टाकून दी.” पण नाही. दोन्ही ओटीवर उभे आहेत, लग्नातल्या करवल्यांसारखे.

मध्यंतरी एका दुपारी जेवून पडलो होतो तर फळीवरची भांडी थरथरायला लागली. बायको म्हणाली, “अवो, उठा नि बाबूक सांगा, आवाज कमी कर म्हणान. माजी कपबशी पडतली.” मी कंबर धरत गेलो, तोंडात शिव्या तयार ठेवून. हा ओटीवर बसलेला. मांडीवर पखवाज, समोर माईक, पाठीला टेकून तो मोठा स्पीकर. डाव्या हाताची थाप पडली की खोकं घुमायचं, त्याची पाठ घुमायची, आणि तोंडावर असं काही यायचं की मी शिव्या विसरलो. इतक्या महिन्यांनी तो आपला हात ऐकत होता. आमच्या जुन्या बुवाचा आवडता ठेका धरला होता त्यानं. मी खाली बसलो. डावी बाजू भरून वाहत होती. उजवी मात्र सुटली होती, फार नाही, पण सुटली होती.

त्यानं हात थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही. अंगणातल्या माडाकडे बघून म्हणाला, “भावजी, डावी माका गावली.”

“हां.”

“उजवी ऐकाक येणा नाय.”

लहानपणापासून बघतो आहे मी ह्याला. समुद्राला, गुरवाला, मास्तरला, कोणाला हार गेला नाही.

“उतरली आसा मा?” त्यानं विचारलं.

“व्हय. वायच.”

त्यानं हातोडी घेतली आणि पखवाजाची उजवी बाजू माझ्याकडे वळवली. “मी ठोकतंय. तुमी ऐका. वर व्हयी तर बोट वर करा, खाली व्हयी तर खाली. आणि कोणाक सांगा नुको.”

तो ठोकायचा, टिचकी मारायचा, माझ्या बोटाकडे बघायचा. मी कान लावून बोट वर करायचो. परत ठोकायचा. गडग्यापलीकडून बायको ओरडत होती, भांड्यांचं काय झालं म्हणून. तिला मी हातानंच गप्प केलं. मग केव्हातरी मी पंजा दाखवून ‘थांब’ म्हटलं. त्यानं दोन्ही हातांनी बोल काढला, माझ्या तोंडाकडे बघत, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते बघून परत तोच बोल काढला.

आता रोज दुपारी मी जातो. बायको भांडी खाली काढून ठेवते. मंडळाच्या बुवाला जाऊन मी सांगून आलो आहे की चतुर्थीला पखवाज आमचा, आणि त्याच्या उजव्या अंगाला मी बसणार. तो “बघूया” म्हणाला. बघूया कसलं? बसणार म्हणजे बसणार. चतुर्थी अजून लांब आहे, आणि आम्हा दोघांचं वय काही मागे येत नाही. मला स्वतःला आता कितपत ऐकू येतं, हे मेवण्यानं विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. बोट मात्र मी ठाम वर करतो.