कार्बोरेटरची झडती

“मावशी, शेवटचं इचारतो. गाडी म्या बिघडवली, असं तुमी गावभर सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं! आणि ऐकू आलं नसेल तर परत सांगते!”

“मग चार मान्सांसमोर दावा, म्या काय बिघडवलं ते.”

“कार्बोरेटर बिघडवलास! अजून काय दाखवू? माझी जीभ?”

“ती गावानं बगितलीय,” तानाजी म्हणाला.

हे कुठे? आमच्या अंगणात, गोव्यातल्या पार्स्याला, भर सकाळी दहाला. मधोमध आमची साडेतीनशे सीसीची म्हातारी मोटरसायकल. तिच्या अलीकडे मी, पदर खोचून. पलीकडे कोल्हापूरकडचा तानाजी मेकॅनिक, खांद्यावर वळकटी, हातात पान्यांची पेटी. म्हापशाची बस धरून तो गाव सोडून निघाला होता. कायमचा. आणि कारण कोण? मी!

तुम्ही म्हणाल, म्हातारीने कुणाला तरी झोडपलं आणि आता बढाई मारायला बसली. नाही हो! आज मी माझीच फजिती सांगणार आहे. तेव्हा चहा ओतून घ्या आणि मधे तोंड घालू नका. अशी संधी मी पुन्हा देत नाही.

तर आमचे हे पायलट. विमानाचे नव्हेत! गोव्यात मोटरसायकलच्या मागच्या सीटवर गिऱ्हाईक बसवून भाड्याने नेतो तो पायलट. काळी गाडी, पिवळा मडगार्ड. गाडी हे चालवायचे आणि दुरुस्त मी करायची. हसता कशाला? शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती दुकानातून डाळ-साखर बांधून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर, आणि मोटरसायकल शिकले ती मोटरसायकल उघडून. पहिल्यांदा परत जोडली तेव्हा दोन स्क्रू उरले. गाडी तरीही चालली! तेव्हापासून माझी खात्री, की गाडी करणाऱ्यांनीच ते जास्तीचे घातले होते.

तानाजी त्या वर्षी पावसाच्या आधी आला. वडाच्या पलीकडे चार पत्र्यांची शेड घातली. कामाला चोख, बोलायला कमी. बायको गावाकडे होती. दिवाळीनंतर तिला इकडे आणायची म्हणून त्याने खोलीही बघून ठेवलेली. दसऱ्याच्या चार दिवस आधी आमच्या गाडीची अॅक्सिलेटरची केबल तुटायला आली, ती त्याने बदलली. मी शेजारी उभी राहून बघत होते. चूक काढायला जागाच मिळाली नाही, त्याचाच मला राग आला असणार.

दसऱ्याला आम्ही गाडी पुजली. त्या दिवशी धंदा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी एक किक मारली, गाडी लगेच सुरू! उभी राहून गुरगुरतेय छान. ह्यांनी मूठ पिळली मात्र, भस्सकन काळा धूर आणि गाडी गप्प.

पुन्हा किक. पुन्हा गुरगुर. मूठ पिळली. भस्स!

अर्धी मूठ पिळून हे कसेबसे रस्त्याला लागले, तर पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल भोंपू वाजवत ह्यांना मागे टाकून गेली. वर पोदेराने विचारलं, “धांव दिवं?” ढकलू का, म्हणे! पायलटाला! हे घरी आले ते गाडी हाताने लोटत.

मी प्लग काढला. काळाकुट्ट, काजळ धरलेला. आता प्लग काळा पडला की त्याचे दोनच अर्थ. एक तर पेट्रोल जास्त येतंय, नाही तर हवा कमी. मी पेट्रोल धरलं. पेट्रोलला पैसे पडतात. फुकटच्या हवेवर कोण संशय घेतो?

आणि पेट्रोल जास्त सोडतो कोण? कार्बोरेटर. कार्बोरेटरला शेवटचा हात कुणाचा? केबल बदलणाऱ्याचा! झालं. पोलिसालासुद्धा एवढ्या लवकर चोर सापडत नाही.

कार्बोरेटर उतरवला. करवंटीत पेट्रोल घेऊन धुतला. पेट्रोल सुटतं त्या जेटच्या भोकातून माडाच्या झाडूचा हीर घातला, तोंडाने फुंकलं, पेट्रोलची चव जेवताना भातालाही आली. आतला पोकळ फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलं की काय म्हणून. नव्हतं शिरलं. पेट्रोल कमी यावं म्हणून सुई एक खाच खाली सरकवली. जोडलं, किक मारली.

गुरगुर. मूठ. भस्स!

तीन दिवसांत तीनदा उतरवला बिचाऱ्याला. तिसऱ्यांदा तर तो मला बघूनच गळायला लागला. तानाजी दोनदा आला. “मावशी, जरा बगू द्या.” मी आडवी. “लांब हो! एकदा हात लावलास तेवढा पुरे झाला!” तो वाकला तरी मी ओरडायची. हे सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून एवढंच म्हणाले, “अगे, पळोवं दी ताका.” म्हणजे बघू दे त्याला. ह्यांचं ऐकायची मला सवय नव्हती, ती त्याच दिवशी कशी लागावी?

मग माझं तोंड सुटलं. विहिरीवर सांगितलं, देवळाच्या पायऱ्यांवर सांगितलं, बाबलोच्या दुकानात तर तराजू थांबवून सांगितलं: ह्या माणसाला कार्बोरेटर कळत नाही, गाडी नेलीत तर हातात घेऊन याल!

ते दिवस कसले होते, आठवतात ना? राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून गावात दोन तट. मी स्वतः घरात कोंकणी बोलते, कागदावर मराठी लिहिते आणि भांडते दोन्हीत. पण आमचे शेजारी मास्तर मराठीवाले आणि दुकानदार बाबलो कोंकणीवाला. सहा महिने दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. मास्तर साखर आणायला कोरगावला जायचे! ते दोघेसुद्धा माझ्या कार्बोरेटरवरून एक झाले. “तानाजीकडे गाडी नको,” दोघेही म्हणाले. आपापल्या भाषेत.

आठवडाभरात शेडपुढे एक गाडी उभी राहीना. तानाजी रिकाम्या शेडमध्ये पाने पुसत बसायचा. मी तिथून जाताना मान ताठ करून जायची. लाज? छे! मला वाटायचं, गावाला वाचवलं मी.

आणि मग ती सकाळ. वळकटी, पेटी, आणि आमच्या अंगणात “शेवटचं इचारतो.”

गलका ऐकून मास्तर आले, बाबलो दुकान उघडं टाकून आला.

“जाताना तोंड काळं करून न्हाई जाणार,” तानाजी म्हणाला. “ह्यांच्यासमोर गाडी उघडतो. माजी चूक निघाली तर ही पेटी तुमच्या पायरीवर ठेवून जातो.”

“उघड!” मी म्हटलं. “कार्बोरेटर समोर आहे. आंधळाही बघेल.”

तो कार्बोरेटरकडे गेलाच नाही! सरळ सीटखालचं झाकण काढलं. आत हवा गाळायचा फिल्टर असतो, तो डबा. त्याच्या तोंडात त्याने दोन बोटं घातली आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मग ओढायला लागला.

आधी एक पोपटी बाही आली.

मग पाठ आली. मग दुसरी बाही. शेवटी हुकांची पट्टी, एक हूक तुटलेला. तानाजीने ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं, कोळ्याने मासा दाखवावा तसं.

माझं पोलकं! दसऱ्याला गाडी घागरींनी धुताना पाणी फिल्टरात जाऊ नये, म्हणून मीच कोंबलेलं. कुणी शिकवलं नव्हतं. माझी स्वतःची हुशारी! आणि मग पूजा, नैवेद्य, आरती यात ते काढायचं राहिलं, ते राहिलंच. आठवडाभर गाडी गळा दाबल्यासारखी घुसमटत होती आणि मी तिचा कार्बोरेटर धुतेय!

“अगे,” सोप्यावरून हे म्हणाले, “हें पोलकें तुजें न्हय?”

जन्मात कधी वेळेवर बोलले नाहीत, ते नेमके आज!

तानाजीने माझी सरकवलेली सुई परत जाग्यावर घातली, प्लग पुसला, एक किक मारली. मूठ पिळली. अहो, काय गरजली गाडी! कोंबड्या माडावर चढायच्या बाकी राहिल्या.

तुम्हाला वाटेल मी गप्प झाले. मी? “मग आधीच का नाही बघितलंस?” मी ओरडले.

“बगू दिलंत का? वाकलो तरी वरडत हुता!”

“हांव पयलींच सांगतालों!” बाबलो म्हणाला. तो आधीपासून सांगत होता म्हणे! लबाड कुठला!

“वहिनी, माफी मागा,” मास्तर म्हणाले. “नीट, शुद्ध मराठीत.”

“मराठींत कित्याक?” बाबलो उसळला. “घरांत उलयता ते भाशेंत मागूं दी!” घरात बोलते ती भाषा, म्हणजे कोंकणी!

झालं! माफी राहिली बाजूला, दोघांची जुंपली. आमच्या अंगणात राजभाषेचा निकाल लागायला निघाला. आमचे हे त्या दोघांच्या मधे उभे, आणि मी तिघांवर ओरडतेय.

तानाजीने वळकटी उचलली. “मला माफी नको,” तो शांतपणे म्हणाला. “तुमी घरात माफी मागणार, आन् गावात माजं नाव तसंच ऱ्हाणार. येतो मी.”

बस वळणावर आलेली. हॉर्न ऐकू येत होता. तो फाटकापर्यंत पोचला. मी सोप्यावर चढले. विहिरीवरच्या बायकांना, देवळाच्या पायरीवरच्यांना, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा ऐकू जाईल असा आवाज काढला, तोच आवाज, ज्याने आठवडाभर त्या माणसाचं नाव घालवलं होतं:

“ऐका सगळ्यांनी! पोलकं माझं, कोंबलं मी, आणि तानाजीवर खोटा आळ घेतला तोही मीच. तेव्हा कुणाची गाडी बिघडली तर तानाजीकडे न्या, आणि चांगली चालत असली तर माझ्या अंगणापासून लांब ठेवा!”