टोवे लुंगहोल्म गप्प बसत नाही

स्टेनविग हे जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. तिथल्या पंचेचाळिशीच्या आतल्या बहुतेक माणसांनी कधी ना कधी टोवे लुंगहोल्मसमोर आ केलेला होता. मुलांच्या दातांच्या सरकारी दवाखान्यात ती एकतीस वर्षं मदतनीस होती. अंगाने आडवी, आवाज खणखणीत. बाप मासेमार, बोटीच्या इंजिनापेक्षा मोठ्याने बोलायची सवय त्याच्याकडून आलेली. मूल खुर्चीत बसलं की मात्र तोच आवाज एकदम मऊ व्हायचा. रडणाऱ्या मुलाला ती 'रडू नको' असं कधी म्हणाली नाही. "रड की, पण तोंड उघडं ठेवून रड, म्हणजे आमचंही काम होईल," असं म्हणायची, आणि मूल रडायचं विसरून जायचं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी चार वर्षांची सिल्ले आली. तिला घेऊन आला होता रूने, तिच्या आईचा, म्हणजे ट्रीनेचा, जोडीदार. रूने गावाचा लाडका. मुलींच्या हँडबॉल संघाचा प्रशिक्षक, कुणाची गाडी बर्फात रुतली तर सगळ्यात आधी धावणारा.

"जिन्यावरून घसरली," तो हसत म्हणाला. "पुढचा दात घरीच विसरून आलोय बघ."

सिल्ले हसली नाही. कुणी काही विचारायच्या आत तीही म्हणाली, "मी पडले."

दंतवैद्य हेनिंगने तिचा वरचा ओठ उचलला. ओठ आणि हिरडी यांना जोडणारा पातळ पडदा फाटला होता. शेजारीच एक जुना, भरून आलेला व्रण होता. उशी नीट करायच्या निमित्ताने टोवेने पोरीचे केस मागे सारले. कानामागे हिरवट-पिवळा डाग. तेवढ्यात रूने हातातलं मासिक जागेवर ठेवायला उठला आणि सिल्लेने खांदे कानापर्यंत आक्रसून घेतले. दिव्याला, नळीला, सुईला, कशालाही ती घाबरली नव्हती.

"रूने, बाहेर बसून जरा तो कागद भरून दे," टोवे म्हणाली. "मागच्या दोन तपासण्या चुकल्यात तुमच्या."

"ट्रीने भरेल नंतर."

"ट्रीने इथे नाहीये. तू आहेस."

तो गेला. टोवेने पोरीला काही विचारलं नाही. हातात छोटा आरसा दिला आणि आपली उपकरणं लावत बसली. थोड्या वेळाने सिल्ले आरशाकडे बघत हळूच म्हणाली, "जास्त बडबड केली की दात पडतात."

"असं कोण म्हणतं?"

"रूने."

"माझ्याकडे बघ," टोवे म्हणाली आणि जबडा फाकवून तिला आपले दात दाखवले. "मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बडबडते. हेनिंगला विचार. सगळे जागच्या जागी आहेत."

हेनिंगला ती मागच्या खोलीत घेऊन गेली.

"पोरं पडतात गं टोवे," तो दबक्या आवाजात म्हणाला. त्याची स्वतःची मुलगी रूनेच्या संघात खेळत होती. "सोमवारपर्यंत थांबू या. नीट विचार करून बालकल्याण खात्याला लिहू."

"सोमवारपर्यंत ती कुणाच्या घरी राहणार?"



नोकरीच्या दुसऱ्या वर्षी टोवेने असंच एक तोंड पाहिलं होतं. तेव्हाचे डॉक्टर 'पोरं पडतात' म्हणाले होते, आणि बावीस-तेवीस वर्षांची टोवे उपकरणं धूत राहिली होती. ते कुटुंब पुढे गाव सोडून गेलं. त्या मुलाचं काय झालं, हे तिला कधीच कळलं नाही. हेनिंगला तिने यातलं काही सांगितलं नाही.

"कळवायची जबाबदारी माझ्या एकटीचीही आहे, तुझी परवानगी लागत नाही," ती म्हणाली. "तू फक्त आत जा आणि तिचे दात घासून दे. एकेक. सावकाश."

बालकल्याण खात्याला तिने फोन लावला. जे दिसलं ते आणि तेवढंच सांगितलं: पडदा, जुना व्रण, कानामागचा डाग, पोरीचं वाक्य जसंच्या तसं. स्वतःचं नाव दोनदा सांगितलं. परत आली तेव्हा हेनिंग खाली मान घालून चौथा दात घासत होता. पुढची चाळीस मिनिटं तो घासतच राहिला. असे लखलखीत दात गावात दुसऱ्या कुणाचे नसतील.

खात्याच्या दोन बायका आल्या तेव्हा रूने बाहेर कुणाला तरी विनोद सांगत होता. काय चाललंय हे लक्षात आल्यावर तो दारात येऊन उभा राहिला.

"टोवे, तू मला लहानपणापासून ओळखतेस."

"ओळखते."

"मग माझ्याबद्दल असं सांगवलं कसं तुला?"

"तुझ्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. सिल्लेबद्दल बोलले. बाजूला हो, त्यांना जाऊ दे."

ती त्याच्यासमोरून हलली नाही. शेवटी तोच बाजूला झाला.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढले तेव्हा सिल्लेच्या डाव्या हाताचं हाड आधी एकदा मोडून आपोआप जुळलेलं निघालं. तिला आजीकडे ठेवलं. खटला उन्हाळ्यात चालला. टोवेने साक्ष दिली. रूनेला शिक्षा झाली.

पण तोवरचे महिने काही सोपे गेले नाहीत. बेकरीतली बाई टोवेला बघितलं की ट्रे आवरायला वळायची. हँडबॉलवाल्यांनी तिला वार्षिक जेवणाला बोलावलं नाही. ट्रीने तर एकदा भर दुकानात तिला आडवी आली.

"माझी मुलगी तोडलीस माझ्यापासून. आता झोप लागते का तुला?"

"लागते," टोवे म्हणाली. "तुला लागत नसेल तर माझ्याकडे ये. कॉफी करते."

ट्रीने ट्रॉली तिथेच टाकून निघून गेली. आली मात्र एप्रिलमध्ये, न कळवता. टोवेच्या स्वयंपाकघरात दोन तास बसली. पहिला तासभर रडण्यातच गेला. मग आपल्याला काय काय दिसत होतं आणि आपण काय काय बघायचं टाळलं, ते तिने सांगितलं. टोवेने तिची समजूत घातली नाही. "हे सगळं खात्याच्या बाईला सांग," एवढंच म्हणाली, आणि तिथे तिच्यासोबत गेली.

ऑक्टोबरात ट्रीने बंदरापलीकडच्या लहान घरात राहायला गेली. नोव्हेंबरात सिल्ले तिच्याकडे परतली. सुरुवातीला फक्त शनिवार-रविवार, मग कायमची.

जानेवारीत दवाखान्यात फोन वाजला.

"सिल्लेच्या तपासणीसाठी वेळ हवी होती," ट्रीने म्हणाली. जरा थांबून विचारलं, "तू असशील ना?"

"मी नाही तर कोण असणार? मंगळवारी सव्वादोनला या. आणि उशीर करू नका, अडीचला एक चावरं पोर आहे."

मंगळवारी सिल्ले पाच मिनिटं आधीच आली, आईचा हात सोडून स्वतःच खुर्चीवर चढली आणि आज स्ट्रॉबेरीचं दंतमंजन हवं, केळ्याचं घाण लागतं, असं तिने हेनिंगला बजावलं. हेनिंग मुकाट्याने कपाटात स्ट्रॉबेरीचं शोधू लागला.